आशेचा नंबर शेवटचा: ख्रिस्ताकडे वळू पाहणाऱ्यासाठी पहिल्या वर्षाची वाट

चर्चच्या दारापर्यंत माणूस बहुधा काहीतरी मोडल्यावर येतो. नोकरी सुटलेली असते, घरात आजारपण असतं, लग्न तुटायच्या बेताला आलेलं असतं, नाहीतर दारू सुटत नसते. त्याला हवी असते आशा, आणि तीही आजच्या आज. पहिली गल्लत इथेच होते. येशूचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या, नव्या करारातल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एक क्रम दिलाय: संकटातून धीर येतो, धीरातून शील घडतं आणि शीलातून आशा. म्हणजे आशेचा नंबर शेवटचा. तिला थेट गाठायला गेलं की हाती लागते ती फक्त उमेद, दोन-तीन रविवार टिकणारी. म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय. आधी वाचन आणि प्रार्थना, मग मंडळी, म्हणजे एका चर्चमध्ये जमणारी माणसं, मग जुने हिशेब चुकते करणं, आणि बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा संस्कार, बराच पुढे. साधारण एक वर्ष हाताशी धरा. ठिकाणं आणि उदाहरणं ठाणे-नवी मुंबईची आहेत.

त्याआधी एक. जीव नकोसा झाला असेल, रात्र रात्र झोप नसेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर आधी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, एक ज्याच्या नावावर आहे, त्या लूकला पौल 'प्रिय वैद्य' म्हणतो.

वाचायचं कुठून

बायबल पहिल्या पानावरून सुरू करू नका. उत्पत्ती गोष्टींमुळे वाचून होतं, निर्गम अर्धं होतं, आणि लेवीयमधले होमार्पणाचे नियम आले की पुस्तक कपाटात जातं. बहुतेकांचं वाचन तिथेच अडतं. शेवटून सुरू करणारेही असतात. प्रकटीकरण वाचतात, श्वापदं आणि शिक्के बघून घाबरतात, मग यूट्यूबवर त्याचे अर्थ शोधत बसतात. ते पुस्तक पहिल्या वर्षासाठी नाहीच.

मार्कापासून सुरुवात करा. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यांत छोटं, १६ अध्यायांचं. भाषणं कमी आणि घडामोडी जास्त. आठवड्याला चार अध्याय घेतले तर महिन्यात होतं. एका अध्यायाला सावकाश वाचूनही दहा मिनिटांच्या वर लागत नाहीत. ठाणे-वाशी गाडीत रोज अर्धा तास जात असेल तर ऐरोली ते तुर्भे एवढ्यात एक अध्याय आरामात होतो, उरलेल्या वेळात खिडकीतून बघत त्यावर विचार करता येतो. उभं राहायलाही जागा नसेल तर ऐका. मोबाइलवर मराठी बायबलचं ध्वनिमुद्रण फुकट मिळतं.

मार्कात या चार जागी जरा थांबा. चौथ्या अध्यायातलं वादळ: शिष्य घाबरून ओरडतात आणि येशू नावेत झोपलेला असतो. नववा अध्याय, विशेषतः २४ वं वचन: आजारी मुलाचा बाप म्हणतो की माझा विश्वास आहे, आणि त्याच दमात म्हणतो की माझ्या अविश्वासाला मदत कर. ज्याला धड विश्वासही बसत नाही आणि सोडवतही नाही, त्याला यापेक्षा चांगली प्रार्थना मिळायची नाही. दहावा अध्याय: आंधळ्या बार्तीमयला येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हा प्रश्न वहीत लिहून त्याखाली स्वतःचं खरं उत्तर लिहा, शोभेचं नको. आणि सोळावा अध्याय: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो आठव्या वचनाशी संपतो. थडगं रिकामं आहे, स्त्रिया थरथरत पळून जातात आणि भीतीपोटी कोणालाच काही सांगत नाहीत. ख्रिस्ती आशेची पहिली बातमी अशी, घाबरलेल्या माणसांच्या हाती पडली. पुनरुत्थान वाचून तुम्हालाही आनंदाआधी गोंधळल्यासारखं वाटलं तर त्यात चुकीचं काही नाही.

मार्कानंतर लूक, २४ अध्याय. मग रोमकरांस पत्रातले फक्त पाचवा, आठवा आणि बारावा. बाकीचं रोमकर नंतर, कोणीतरी समजावून सांगणारं सोबत असताना. आणि हे सगळं चालू असताना रोज एक स्तोत्र. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, म्हणजे साधारण पाच महिन्यांचा ऐवज.

प्रत कोणती घ्यावी? बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' सगळीकडे मिळतं, त्यात ६६ पुस्तकं आहेत. मराठी जुन्या वळणाची आहे, पण कान बसला की गोड लागते. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात. सात जादा पुस्तकं आहेत म्हणून 'चुकीचं बायबल' दिलं, असा वाद पुढे कधीतरी कानावर येईलच. फरक जुन्या कराराच्या यादीत आहे. नव्या कराराची २७ पुस्तकं दोघांचीही तीच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत आहे आणि टिपांसह आहे, एकट्याने वाचणाऱ्याला ते सोयीचं. कॉलेजात इंग्रजीत शिकलेले कित्येक जण इंग्रजी बायबल उचलतात. वाचा, पण प्रार्थना ज्या भाषेत आईशी भांडता त्याच भाषेत करा.

वाचायची रीत जुन्या मठांतली आहे आणि आजही चालते. उतारा एकदा नुसता वाचायचा. दुसऱ्यांदा वाचताना जो शब्द टोचेल किंवा धरून ठेवेल त्याच्यापाशी थांबायचं. तिसऱ्यांदा त्या शब्दावरून देवाशी बोलायचं, आणि मग दोन मिनिटं गप्प बसायचं. लोक घाई करतात ती शेवटच्या पायरीवर. गप्प बसणं जमत नाही म्हणून तोंडपाठ प्रार्थना सुरू होते.

ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांचं उदाहरण इथे उपयोगी आहे. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी ते अडकले. बाप्तिस्मा मुंबईत झाला तो १८९५ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात वाचन, पत्रव्यवहार, शंका, सगळं चालू होतं. संस्कृत आणि संतवाङ्मय जाणणाऱ्या माणसाने एवढा वेळ घेतला, तर आपण पंधरा दिवसांत निकाल मागू नये.

पंधरा मिनिटं आणि एक वही

येशू म्हणतो, प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. वन आरकेत राहणाऱ्याने काय करायचं? घोडबंदरच्या टॉवरमध्येही सासू-सासरे आणि मुलं धरली तर रिकामी खोली मिळत नाही. गच्ची, कार पार्किंग, पहाटेचा ओटा, तलावपाळीचा बाक, रबाळ्याच्या कंपनीतल्या नाइट शिफ्टमधली चहाची सुट्टी, काहीही चालतं. बरीच चर्च दिवसा उघडी असतात, मागच्या बाकावर पाच मिनिटं बसायला कोणी अडवत नाही. जागा रोज तीच आणि वेळही तीच ठेवा. पहाटे पाचला उठायचा संकल्प मात्र करू नका. तो चौथ्या दिवशी मोडतो आणि त्याबरोबर प्रार्थनाही.

पंधरा मिनिटांची विभागणी अशी जमते: दोन मिनिटं शांत, पाच मिनिटं वाचन, पाच मिनिटं बोलणं, तीन मिनिटं वही. बोलायचं काय हे सुचत नसेल तर १३ वं स्तोत्र उघडा. फक्त सहा वचनं आहेत. पहिल्या दोनमध्ये तक्रार आहे, 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनमध्ये मागणं, शेवटच्या दोनमध्ये भरवसा. याच साच्यात आपलं म्हणणं घाला. तक्रारीची वाक्यं गाळू नका. देवासमोर सभ्य बोलायच्या नादात लोक खरं बोलतच नाहीत आणि मग प्रार्थना पोकळ वाटते. शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' एकदा सावकाश म्हणा. त्यातली रोजची भाकर ही शब्दशः आजची आहे, पुढच्या पाच वर्षांची नाही. ईएमआयची चिंता असणाऱ्यांनी तिथे थोडं रेंगाळावं.

वहीत तारीख, वाचलेला उतारा, आणि जे मागितलं ते एका ओळीत. उजवीकडे मोकळा रकाना ठेवा आणि काही महिन्यांनी परत जाऊन काय झालं ते लिहा. काही मागण्या पुऱ्या झालेल्या दिसतील. काहींच्या पुढे रकाना रिकामाच राहील. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे कसलासा छळणारा त्रास, काढ म्हणून तीन वेळा विनवलं होतं, काटा राहिला, तो सोसायचं बळ मिळालं. रिकामा रकाना खोडू नका.

रात्री झोपण्यापूर्वी दिवसाची उजळणी. लोयोलाच्या संत इग्नातियसने रूढ केलेली ही पद्धत पाच पायऱ्यांची: आभार मानणं, उजेड मागणं, सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून नेणं, जिथे चुकलं तिथे क्षमा मागणं, उद्याचं एक ठरवणं. पाच ते सात मिनिटं लागतात. तिसऱ्या पायरीवर मोठी पापं शोधत बसू नका. गाडीत चढताना कोणाला कोपर मारलं, मुलावर का ओरडलो, कोणाच्या फोनला मुद्दाम उत्तर दिलं नाही, इथपासून सुरुवात करा. बदल दिसायला लागतो तो इथेच.

मंडळी निवडताना

घरी बसून, मोबाइलवर प्रवचनं ऐकून विश्वास टिकत नाही. त्याला माणसं लागतात, तीही थोडी त्रासदायक.

ठाण्यात ख्रिस्ती माणूस ही नवी गोष्ट नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू याच गावात मारले गेले. पोर्तुगीज अमदानीपासून तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. माजिवड्यापासून उत्तनपर्यंत मराठी बोलणारे ईस्ट इंडियन कॅथलिक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नवी मुंबईचं चित्र वेगळं आहे. शहर नवं, त्यामुळे मंडळ्याही वसाहतींबरोबर आल्या: कॅथलिक पॅरिश (एका भागाची स्थानिक मंडळी), केरळच्या सिरो-मलबार, मार्थोमा, ऑर्थोडॉक्स, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, आणि हॉल भाड्याने घेऊन भरणाऱ्या पेंटेकॉस्टल सभा. त्यातल्या केरळी मंडळ्यांची उपासना बहुधा मल्याळमत असते. पहिल्यांदा जाण्याआधी भाषा विचारून घ्या. मराठी मिस्सा (कॅथलिकांची उपासना) किंवा मराठी उपासना किती वाजता, हे दारावरच्या फलकावर लिहिलेलं असतं, नाहीतर ऑफिसात फोन करा. मराठी सहसा एकच असते, आणि ती वेळ चुकली की तुम्ही तासभर न कळणारं ऐकत बसता.

तीन ठिकाणी जा, प्रत्येक ठिकाणी निदान चार रविवार. एका रविवारवरून काही कळत नाही. गाणी छान आहेत का, एवढंच कळतं. चार रविवारांत या गोष्टींकडे लक्ष द्या. बायबलचा उतारा वाचून त्याचाच अर्थ सांगतात की एक ओळ घेऊन भलतीकडेच जातात? पैशाचा हिशेब मंडळीला दाखवतात का? पाळकाला, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूला, कोणी प्रश्न विचारू शकतं का, आणि विचारला तर काय होतं? म्हाताऱ्या, आजारी, गरीब माणसांना पुढच्या रांगेत जागा आहे का?

आणि काही ठिकाणांहून सरळ उठून यायचं. बीपीच्या, साखरेच्या, मिरगीच्या गोळ्या बंद करा म्हणणारे. बरे झाला नाहीत तर दोष तुमच्या विश्वासाचा, असं ठरवणारे. पहिल्याच भेटीत दशमांशाचा क्यूआर कोड पुढे करणारे. दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, आणि देणं ही ख्रिस्ती रीत आहेच. पण पौल लिहितो की देणाऱ्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भीड पडली म्हणून नव्हे. कर्जात बुडालेल्याला 'बी पेरा म्हणजे शंभरपट मिळेल' असं सांगून पैसे काढणारे फार आहेत, आणि तुटलेला माणूस त्यांना लांबून ओळखू येतो. नोकरी, शाळेची फी किंवा औषधपाणी यांच्या बदल्यात धर्म मागणारे असतील तर तो सौदा आहे, त्यात पडू नका. घरच्यांशी बोलणं तोडा म्हणणाऱ्यांचंही तेच.

माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेनाला ठाण्याहून जाणारे पुष्कळ, त्यात ख्रिस्ती नसलेलेही खूप. जरूर जा. फक्त नोव्हेना म्हणजे नऊ बुधवार भरले की काम झालंच, असा नवस नाही. मागणं घेऊन नऊ वेळा देवापुढे उभं राहायचं, एवढाच त्याचा अर्थ.

रविवारी आत गेल्यावर

दहा मिनिटं आधी पोचा, मागून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा. अगदी शेवटचा बाक नको, तिथून पुढचे कधी उभे राहतात ते दिसत नाही. लोक उठले की उठा, बसले की बसा, गुडघे टेकणं सक्तीचं नाही. कॅथलिक चर्चमध्ये चपला घालूनच जातात. घरगुती सभांत आणि काही केरळी मंडळ्यांत त्या बाहेर काढतात, दारातली रास बघून कळतं. पेंटेकॉस्टल सभांत बऱ्याच ठिकाणी बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात.

एक चूक नवख्यांकडून हमखास होते. कॅथलिक मिस्सामध्ये सगळे रांगेने ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र केलेली भाकर, घ्यायला जातात, आणि प्रसाद समजून नवखाही हात पुढे करतो. बाप्तिस्मा झाल्याशिवाय ते घ्यायचं नसतं. जागेवर बसून राहा. काही चर्चमध्ये हाताची घडी छातीवर घालून गेलं तर फादर आशीर्वाद देतात, आधी शेजाऱ्याला विचारा. अर्पणाची पिशवी किंवा टोपली फिरली तर काही न टाकता पुढे दिली तरी कोणी बघत नाही. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात, रविवारी ड्युटी असणाऱ्यांना ती सोयीची.

संपल्यावर पळू नका. दारात फादर किंवा पाळक उभे असतात. एवढंच म्हणा: 'मी ख्रिस्ती नाही, शिकायचंय, कधी भेटू?' पॅरिशच्या ऑफिसची वेळ ठरलेली असते, ती घ्या.

हिशेब चुकते करणं

हा भाग लोक टाळतात, आणि बहुतेकांचा प्रवास इथेच थांबतो. पश्चात्तापासाठी नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे, मेटानोया, त्याचा अर्थ मन पालटणं. रडणं त्यात येईल किंवा येणार नाही. लूकच्या १९ व्या अध्यायातला जक्कय बघा. मुख्य जकातदार, श्रीमंत, लोकांना लुबाडणारा. येशू त्याच्या घरी गेल्यावर तो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट द्यायला उभा राहतो. त्याचा पश्चात्ताप आकड्यांत मोजता येतो.

तसंच करा. कागदावर दोन रकाने. एकात पैसे: कोणाचे उसने, कोणाचं खोटं बिल, भावाच्या हिश्शाची जमीन, मोलकरणीचा बुडवलेला पगार. दुसऱ्यात माणसं: कोणाशी काय केलं. त्यातली एक ओळ निवडा, सगळ्यांत लहान, आणि ती या आठवड्यात मिटवा. पाचशे रुपये परत करण्यापासून सुरुवात झाली तरी चालेल. मोठं देणं एकदम जमणार नसेल तर हप्ता ठरवून समोरच्याला तसं सांगा.

माफी मागताना 'तुला वाईट वाटलं असेल तर' हे शब्द गाळा. काय केलं ते सांगा, आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता गप्प बसा. समोरच्याने माफ केलं नाही तरी तुमचं काम झालेलं असतं. जिथे तुमची कबुली स्वतःचं मन हलकं करून दुसऱ्याचा संसार उद्ध्वस्त करणार असेल, तिथे आधी फादरांशी किंवा पाळकांशी बोला. कॅथलिक पापनिवेदनाचा संस्कार बाप्तिस्म्यानंतरच मिळतो. त्यात सांगितलेलं फादर कुणालाही, कोर्टातसुद्धा, सांगू शकत नाहीत. पण बाप्तिस्मा नसतानाही नुसतं बोलायला वेळ मागता येतो.

क्षमा करणं ही याचीच दुसरी बाजू, आणि तिचा गैरवापर फार होतो. क्षमा म्हणजे सूड सोडणं. मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जाणं तिच्यात येत नाही. घरात मारहाण असेल तर महिलांसाठी १८१, तातडीला ११२. 'सात वेळा सत्तर' हे वचन ऐकवून बाईला परत पाठवणारी मंडळी असेल तर ती बदला.

दारू सोडायची असेल तर प्रार्थनेच्या जोडीला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मिटिंग गाठा. ती कुठल्या धर्माची नाही, फी नाही, पुष्कळदा शाळा-चर्चच्या खोल्यांतच भरते. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर. जिथे नुसता हात ठेवून दारू सोडवतात, तिथे हे सांगत नाहीत.

घरचे

मार्कचे दोन अध्याय वाचून जेवणाच्या ताटावर घोषणा करू नका. आईला धर्म कळायच्या आधी मुलगा हातचा गेला हे कळतं. सहा महिने काही बोलू नका, घरातलं काम जास्त करा, आवाज कमी करा. विचारलं तर खोटं बोलू नका, 'चर्चमध्ये जातो, वाचतो, अजून काही ठरवलं नाही' एवढं पुरे. देव्हाऱ्यातल्या तसबिरी काढणं, पोथ्या टाकणं, हे कोणाच्याही सांगण्यावरून करू नका. त्या घरच्यांच्या आहेत. बाबासाहेबांच्या फोटोबद्दलही तेच.

गणपतीत प्रसाद घ्यायचा का, हा प्रश्न दरवर्षी येतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात पौलाने जवळजवळ याच प्रश्नावर लिहिलंय. त्याचा रोख असा: अन्नाने माणूस देवाजवळ जात नाही की दूर होत नाही, कोणी घरी बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे मूर्तीला वाहिलेलं आहे, किंवा तुमच्या खाण्याने दुसऱ्याच्या विवेकाला ठेच लागत असेल, तर खाऊ नका. मंडळ्यांची मतं यात वेगळी आहेत, आपल्या फादरांना-पाळकांना विचारा. आरतीत उभं राहायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. पण मोदक वळायला, पाहुण्यांना चहा द्यायला, विसर्जनाला म्हाताऱ्यांचा हात धरायला काहीच हरकत नाही.

जोडीदाराला ओढू नका. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे नवऱ्याकडे आल्या, आणि बाप्तिस्मा त्यांनी स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी घेतला. ती हकिगत 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनीच लिहिलीय. नवराबायकोने एकत्र वाचायला हरकत नाही.

बाप्तिस्मा

घाई करणारे इथे भेटतातच. तीन आठवड्यांत पाण्यात उतरवू म्हणणाऱ्याला म्हणा, सहा महिने द्या. खरा पाळक हो म्हणेल.

कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांसाठी ठरलेला दीक्षाक्रम आहे, पॅरिशमध्ये त्याला आरसीआयए म्हणतात. आधी विचारणेचा काळ, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार, दर आठवड्याला वर्ग. प्रायश्चित्तकाळाच्या (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) पहिल्या रविवारी दीक्षार्थींच्या निवडीचा विधी, आणि ईस्टरच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या, आदल्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार) आणि पहिलं ख्रिस्तशरीर एकाच वेळी. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कधीही येतो, म्हणून वर्ग पावसाळ्यानंतर लगेच गाठावे लागतात. जानेवारीत चौकशी केली तर वर्षभर थांबावं लागू शकतं. धर्मपिता किंवा धर्ममाता लागते: दृढीकरण झालेली, निदान १६ वर्षांची कॅथलिक व्यक्ती, तुमचे आईवडील नव्हेत. ओळखीपाळखीत नावापुरतं कोणी घेऊ नका. नंतर फोन उचलणारं माणूस बघा. सीएनआय, मेथडिस्ट मंडळ्यांत पाळक तयारीचे धडे घेतात. पेंटेकॉस्टल पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात.

कागदाची बाजूही आधीच बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो जातो. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. राखीव जागेवरची नोकरी, शिष्यवृत्ती, जातपडताळणी यांचा प्रश्न असेल तर वकिलाचा सल्ला घ्या, आणि धर्मांतराबद्दल आज काय नियम लागू आहेत तेही त्याच बैठकीत विचारा. कोणी 'कागदावर काही बदलू नका, कोणाला कळत नाही' म्हणालं तर लक्षात ठेवा, नव्या आयुष्याची सुरुवात खोट्या प्रमाणपत्राने होतेय. नाव मात्र बदलावंच असं नाही. नारायण वामन टिळक शेवटपर्यंत नारायण वामनच राहिले.

कोरडा काळ

बाप्तिस्म्याआधी किंवा नंतर, कधीतरी सगळं बंद पडतं. वाचताना झोप येते, प्रार्थना भिंतीवर आपटल्यासारखी वाटते, मंडळीतल्या माणसांचा कंटाळा येतो. मदर तेरेसांच्या पत्रांतून कळतं की त्यांना असा अंधार कित्येक दशकं होता, आणि त्यातच त्या रोज काम करत होत्या. म्हणजे हे बिघाडाचं लक्षण असेलच असं नाही. मात्र तपासून बघा: झोप पुरी होतेय का, शरीर ठीक आहे का, हिशेबाच्या कागदावरची एखादी ओळ मुद्दाम टाळताय का. बरेचदा कारण या तीनांतलं असतं.

काहीच सापडलं नाही तर वेळ कमी करा पण खाडा करू नका. पंधराची पाच मिनिटं करा. ८८ वं स्तोत्र वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी समाधान नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. नवं पुस्तक, नवी मंडळी, नवा उपदेशक शोधायची ही वेळ नव्हे. त्याऐवजी हाताला काम लावा. बऱ्याच कॅथलिक पॅरिशमध्ये १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असते, सभासद दोघादोघांनी गरिबांच्या घरी जातात. त्यांच्याबरोबर महिन्यातून दोनदा जा. तांदूळ-डाळ पोचवणं दहा मिनिटांचं काम, पण बसून ऐकायला तास द्या. तिथे धर्माबद्दल बोलायचं नाही. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याचं फळ म्हणून नऊ गुण दिलेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातला कुठला आपल्यात वाढतोय हे स्वतःला कळत नाही. वर्षाच्या शेवटी घरातल्या सगळ्यांत कडक टीकाकाराला विचारा. बहुधा ती बायको असते, किंवा सासू.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये प्रत्येकाला माडाची पात मिळते. ती घरी आणून वहीत किंवा फोटोमागे खोचून ठेवा, वाळली तरी टाकू नका. पुढच्या वर्षी प्रायश्चित्तकाळ लागायच्या आधी वाळलेल्या पाती चर्चमध्ये परत गोळा करतात. त्यात तुमचीही टाका. त्या जाळून केलेली राखच राखेच्या बुधवारी, म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला लावतात. पात काढताना वही हाताशी असेलच, तर उजवीकडचा रकाना तेव्हा भरून घ्या.